मुलाला अँटिबायोटिक सुरू झालंय: पोटातले जीवाणू सांभाळायचे कसे?

कोर्सचा तिसरा दिवस असतो. ताप उतरलेला असतो, मूल खेळायलाही लागलेलं असतं, आणि नेमकी तेव्हा शी पातळ होते. दिवसातून चार-पाच वेळा. डायपरखालची जागा लालभडक. मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, औषध झेपत नाहीये, बंद करा. दुसरं म्हणतं, पोटासाठी कुठलीतरी पावडर आणा. दोन्हीकडे घाईच जास्त असते. आधी आत काय चाललंय ते कळलं, तर पुढचं बरंच सोपं जातं.

मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणूंची वस्ती असते. ती जन्मापासून बसायला लागते आणि साधारण तीन वर्षांच्या सुमारास मोठ्या माणसाच्या वस्तीसारखी दिसू लागते. अंगावर पिणाऱ्या बाळात बिफिडोबॅक्टेरियांचं राज्य असतं, कारण आईच्या दुधातल्या काही खास साखरा बाळाला पचत नाहीत, त्या या जीवाणूंसाठीच असतात म्हणा ना. मोठ्या मुलांत तंतुमय पदार्थ आंबवणारे जीवाणू वाढतात. आंबवताना ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याच्या आतल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात, आणि पाणी व मीठ शोषून घ्यायलाही त्याची मदत होते.

अँटिबायोटिकला कानातला जंतू कोणता आणि आतड्यातला रहिवासी कोणता हे कळत नाही. आंबवणारे जीवाणू कमी झाले की न पचलेली साखर आतड्यात तशीच पडून राहते आणि पाणी ओढून घेते. ब्युटिरेट घटल्यामुळे शोषणही मंदावतं. पित्तातल्या आम्लांवर जीवाणू जी प्रक्रिया करतात ती अडते, त्यानेही शी पातळ होते. रिकाम्या झालेल्या जागेत ई. कोलाय, क्लेब्सिएला असे एरवी दबून असणारे जीवाणू हातपाय पसरतात. जुलाब होतात ते यातूनच. ते बहुतेक वेळा सौम्य असतात आणि आपोआप थांबतात. जीवाणूंची घडी मात्र बसायला जास्त दिवस लागतात.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पहिली पायरी. पोट सांभाळण्याचं निम्मं काम बाटली उघडण्याआधी होतं. नंतरच्या पुड्या आणि कॅप्सूल त्या मानाने किरकोळ.

१. दवाखान्यातच विचारायचे प्रश्न

सर्दी, फ्लू, बहुतेक खोकले, बहुतेक घसेदुखी आणि मुलांचे बहुतेक साधे जुलाब विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक विषाणूवर काही करत नाही, पोटातल्या जीवाणूंवर मात्र करतं. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणून ते लागतंच असंही नाही. हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या:

- हा संसर्ग जीवाणूचा आहे असं कशावरून वाटतं? घशाची किंवा लघवीची तपासणी करून ठरवता येईल का?
- दोन-तीन दिवस वाट पाहिली तर चालेल का? (कानाच्या सौम्य संसर्गात, मूल फार लहान नसेल आणि ताप फार नसेल तर, ४८ ते ७२ तास नजर ठेवणं ही मान्य पद्धत आहे. त्या काळात दुखण्यावरचं औषध द्यायचंच.)
- यापेक्षा कमी जीवाणूंवर परिणाम करणारं औषध चालेल का?
- नेमके किती दिवस? 'बाटली संपेपर्यंत' हे उत्तर नव्हे.
- एका वेळेला किती मिली?

तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो विचाराच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकांचे तीन गट केले आहेत. साध्या संसर्गात आधी वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात येतं, अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम दुसऱ्या. फिनलंडमध्ये २ ते ७ वर्षांच्या १४२ मुलांवरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. अझिथ्रोमायसिन ज्या मॅक्रोलाइड गटातलं आहे, त्या गटाच्या औषधांचा ठसा मुलांच्या आतड्यात दीर्घकाळ दिसला, पेनिसिलिन गटाचा त्या मानाने फिका होता. 'तीनच दिवस, दिवसातून एकदाच' म्हणून अझिथ्रोमायसिन घरात लाडकं असतं. पण ते शरीरात दिवसचे दिवस रेंगाळतं, म्हणून तर तीन दिवस पुरतात. कमी डोस म्हणजे पोटाला कमी त्रास, हा हिशेब इथे लागू होत नाही.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट या जोडऔषधाने साध्या अमॉक्सिसिलिनपेक्षा जास्त जुलाब होतात, आणि त्यात क्लॅव्ह्युलॅनेटचा हात मोठा. साधं अमॉक्सिसिलिन चालणार असेल, तर ते कधीही बरं. ठरवणार डॉक्टरच, पण विचारलं तर त्यांनाही पुन्हा विचार करायला जागा मिळते.

२. हाताशी काय हवं

कागदपत्रं: मुलाचं आजचं वजन (मागच्या भेटीतलं नको), गेल्या तीन महिन्यांत दिलेल्या अँटिबायोटिकांची नावं, कुठल्या औषधाने काय झालं होतं त्याची नोंद, आणि चालू असलेली इतर औषधं. लोहाचं टॉनिक चालू असेल तर तेही सांगा. लोहाबरोबर सेफडिनीर हे अँटिबायोटिक दिलं तर शी विटकरी-लाल होऊ शकते. रक्त समजून घरचे घाबरतात.

सामान: सुई नसलेली ५ किंवा १० मिलीची तोंडात द्यायची सिरिंज, उकळून गार केलेलं पाणी, ओआरएसच्या पुड्या, डायपरखाली लावायचं झिंकचं मलम, साबण, बाटलीवर तारीख लिहायला पेन.

घरातला चमचा या यादीत नाही. एका चमच्यात ३ मिली मावतं, तर दुसऱ्यात ७.

३. औषध कालवणं आणि मोजणं

पावडरची बाटली आधी कोरडीच हलवा आणि तळाला बसलेला गठ्ठा सुटा करा. पाणी गार हवं, गरम पाण्याने औषध बिघडतं. निम्मं पाणी घाला, जोरात हलवा, मग खुणेपर्यंत उरलेलं घाला. वर फेस येतो, आणि चूक होते ती इथे. फेसाचा वरचा कड खुणेला टेकला की लोक थांबतात. पाच मिनिटांनी फेस बसतो आणि औषध खुणेच्या खाली दिसतं. म्हणजे पाणी कमी पडलं, औषध दाट झालं आणि प्रत्येक डोस ठरल्यापेक्षा मोठा झाला. फेस बसू द्या, मगच खुणेपर्यंत भरा. बाटलीवर तारीख टाका. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट कालवल्यावर फ्रिजमध्येच ठेवायचं असतं आणि साधारण आठवडाभरच टिकतं. बाकीच्या औषधांचं लेबल पाहा, सगळ्यांचे नियम सारखे नसतात. प्रत्येक डोसआधी बाटली हलवायची. न हलवता दिली तर सुरुवातीला पातळ आणि शेवटी दाट औषध पोटात जातं.

आता मिलीचा घोळ. समजा, मूल १२ किलोचं आहे आणि डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन किलोमागे दिवसाला ४५ मिग्रॅ, दोन वेळांत विभागून, असं धरलं. दिवसाचे ५४० मिग्रॅ झाले, एका वेळेचे २७०. बाटलीवर '५ मिलीत २५० मिग्रॅ' असेल तर डोस साधारण ५.४ मिली. तीच बाटली '५ मिलीत १२५ मिग्रॅ'ची मिळाली, तर तोच डोस १०.८ मिली होतो. आजारानुसार किलोमागचा आकडा बदलतो, तेव्हा हा हिशेब फक्त ताळा करायला. घरी डोस ठरवायला नाही. दुकानातून दुसऱ्या ताकदीची बाटली मिळाली असेल, तर जुन्या मिलीने औषध देऊ नका, आधी फोन करा.

जोडऔषधात आणखी एक खाच आहे. लेबलवरचा आकडा बऱ्याचदा दोन्ही औषधांची बेरीज असतो. ४५७ म्हणजे ४०० अमॉक्सिसिलिन आणि ५७ क्लॅव्ह्युलॅनेट. 'डोस कमी वाटतोय' म्हणून मिली वाढवले की क्लॅव्ह्युलॅनेटही वाढतं, आणि जुलाबही. हे औषध जेवणाच्या सुरुवातीलाच द्या, पोटाला कमी लागतं.

सिरिंज जिभेवर नको, गालाच्या आतल्या बाजूला लावा आणि थोडं थोडं ढकला. औषध दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळं उलटून पडलं, तर डोस पुन्हा देता येतो का ते डॉक्टरांना विचारा. त्यानंतर उलटी झाली तर सहसा पुन्हा द्यावा लागत नाही. डोस चुकला तर आठवल्याबरोबर द्या. पुढच्या डोसची वेळ अगदी जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. एकदम दुप्पट कधीच नाही.

४. कोर्स चालू असताना खाणंपिणं

बाळ अंगावर पीत असेल तर पाजणं चालूच ठेवा. आईलाच अँटिबायोटिक चालू असेल तरीही बहुतेक औषधांत पाजणं थांबवावं लागत नाही. आईच्या दुधातल्या ज्या साखरांवर बिफिडोबॅक्टेरिया जगतात, त्या देणारी दुसरी कुठलीही पुडी या दुधाच्या तोडीची नाही.

वरचं खाणाऱ्या मुलाला नेहमीचंच जेवण द्या. आजारी मुलाला आठवडाभर नुसती पेज देण्याने उरलेल्या जीवाणूंचीही उपासमार होते. डाळी, कडधान्यं, भाज्या, अख्खी फळं, धान्याचा कोंडा, शिजवून गार केलेली धान्यं किंवा बटाटा, यातलं जे मूल खातं ते थोडं थोडं द्या. भूक नसेल तर बळजबरी नको. दोन-चार दिवस कमी खाल्ल्याने फार बिघडत नाही. बंद करायचे ते फळांचे रस आणि गोड पेयं. आंबवणारे जीवाणू आधीच कमी झालेले असतात, त्यात ही साखर पाणी ओढते आणि शी आणखी पातळ होते.

दही द्यायला हरकत नाही, ते चांगलं अन्न आहे. पण दही म्हणजे औषधी प्रोबायोटिक (पोटासाठी मुद्दाम दिलेले जिवंत, उपयोगी जंतू) नव्हे. त्यात कोणते जीवाणू किती आहेत हे ठरलेलं नसतं. दूध आणि दह्याने सगळी अँटिबायोटिकं निकामी होतात, ही समजूतही चुकीची आहे. अमॉक्सिसिलिनला दुधाने फरक पडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन गटाला पडतो, कारण कॅल्शियम त्यांना धरून ठेवतं.

५. प्रोबायोटिक द्यायचं का?

घोळ इथेच सगळ्यात जास्त आहे, कारण 'प्रोबायोटिक' हे एका औषधाचं नाव नाही. शेकडो प्रकार त्या नावाखाली विकले जातात. मुलांमधल्या अँटिबायोटिकच्या जुलाबांवर ज्यांचा उपयोग चांगला तपासला गेलाय असे दोनच ठळक: लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बुलार्डी. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ३३ चाचण्या आणि ६,३५२ मुलं होती. प्रोबायोटिक दिलेल्यांपैकी ८ टक्के मुलांना जुलाब झाले, न दिलेल्यांपैकी १९ टक्के मुलांना. दिवसाला ५०० कोटी किंवा त्याहून जास्त जिवंत जीवाणू मिळाले तेव्हा फायदा जास्त होता.

ही आकडेवारी जुलाबांची आहे. जीवाणूंची घडी लवकर बसते, असं यातून निघत नाही. उलट २०१८ साली इस्रायलमधल्या प्रौढांवरच्या एका अभ्यासात अँटिबायोटिकनंतर अकरा प्रकारांचं मिश्रण दिलेल्यांत मूळ वस्ती परत यायला, काहीच न दिलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला. ते मिश्रण वेगळं होतं आणि माणसं मोठी होती, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा मुलांना लावता येत नाही. पण 'दिलं तर नुकसान तर नाही ना' हे वाक्य तितकंसं खरं नाही, एवढं नक्की.

माझं मत विचाराल तर: मागच्या कोर्सला चांगलेच जुलाब झाले असतील किंवा आता जोडऔषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून वरच्या दोन ठळक प्रकारांपैकी एक द्या. पोट ठीक असलेल्या मुलाला नुसतं 'असू दे' म्हणून नको. द्यायचं ठरलं तर:

- पहिल्या डोसपासून किंवा पहिल्या दोन दिवसांत सुरू करा. जुलाब लागल्यावर सुरू करून प्रतिबंध होत नाही.
- लेबलवर प्रकाराचं पूर्ण नाव आणि संख्या पाहा. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' पुरेसं नाही, शेवटचं 'जीजी' महत्त्वाचं.
- जीवाणूवालं प्रोबायोटिक आणि अँटिबायोटिक यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा. बुलार्डी हे यीस्ट आहे, अँटिबायोटिकने मरत नाही. बुरशीवरचं औषध चालू असेल तर मात्र मरतं.
- पुडी गरम दुधात किंवा गरम जेवणात मिसळू नका.

अपुऱ्या दिवसांचं बाळ, प्रतिकारशक्ती कमी असलेलं मूल, मोठ्या शिरेत नळी असलेलं मूल यांना डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय प्रोबायोटिक अजिबात नाही. हे जिवंत जंतू आहेत, अशा मुलांत ते रक्तात उतरू शकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये तसा इशाराही दिला आहे.

६. जुलाब सुरू झालेच तर

आधी मोजा. दिवसात तीन किंवा जास्त पातळ शी झाल्या तर ते जुलाब. एखादी सैल शी म्हणजे जुलाब नव्हेत. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी तशीही सैल असते, त्याच्या नेहमीच्या शीशी तुलना करा.

अँटिबायोटिक स्वतःहून बंद करू नका. मूल खेळतंय, पितंय, लघवी होतेय, तर सहसा कोर्स पुरा करता येतो. शी फार होत असेल तर फोन करा. औषध बदलायचं, दिवस कमी करायचे की थांबवायचं, हे मूळ आजार पाहून ठरतं.

ओआरएसची पुडी जितक्या पाण्यासाठी आहे तितक्याच पाण्यात पूर्ण घाला. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात घालणं धोक्याचं, मीठ जास्त झालं तर त्रास वाढतो. प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यापुढच्याला १०० ते २०० मिली, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश पाजा. कालवलेलं ओआरएस २४ तासांनी फेकून द्या. झिंक द्यायचं का आणि किती, हे डॉक्टरांना विचारा.

लोपरामाइडसारखी जुलाब बांधणारी औषधं लहान मुलांना नाहीत.

डायपरच्या जागेसाठी: पुसू नका, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झिंकच्या मलमाचा जाड थर लावा. पुरळ कातडीच्या घडीत शिरलं असेल आणि कडेला सुटे लाल ठिपके दिसत असतील, तर ती कॅंडिडा बुरशी असू शकते. जीवाणू हटले की बुरशीला मोकळं रान मिळतं. त्याला बुरशीवरचं मलम लागतं, झिंक पुरत नाही. तोंडात पुसून न निघणारे पांढरे डाग दिसले तर तेही दाखवा.

७. या वेळी वाट पाहायची नाही

शीत रक्त किंवा बराच आव. पोट फुगून दुखणं. जुलाबांबरोबर पुन्हा चढलेला ताप. सहा ते आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे किंवा बाळाची टाळू खोल गेलेली, मूल मलूल. सतत उलट्या. यातलं काहीही दिसलं तर लगेच दाखवा.

डोसनंतर काही मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर गांध्या, ओठ-चेहऱ्यावर सूज, श्वासाला त्रास झाला तर थेट तातडीच्या विभागात. चार-पाच दिवसांनी उठलेलं, न खाजणारं बारीक पुरळ बऱ्याचदा ॲलर्जी नसतं. फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, उगाच 'पेनिसिलिनची ॲलर्जी' असा शिक्का बसायला नको. तो शिक्का बसला की पुढे प्रत्येक वेळी जास्त व्यापक औषध वाट्याला येतं.

क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या जीवाणूचे जुलाब कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना मागच्या दोन-तीन महिन्यांतली औषधं सांगा. वर्षाच्या आतल्या बाळांत हा जीवाणू काही त्रास न देता सर्रास राहतो, त्यामुळे त्या वयात ही तपासणी सहसा करत नाहीत. त्याचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवा.

८. कोर्स संपल्यावर

शी नेहमीसारखी व्हायला काही दिवस ते दोन आठवडे लागू शकतात. आतली वस्ती त्याहून हळू सावरते. १२ निरोगी पुरुषांना चार दिवस तीन तगडी अँटिबायोटिकं देऊन पाहिलं, तेव्हा बरीचशी वस्ती दीड महिन्यात परतली, पण आधी सगळ्यांत असलेले ९ प्रकार १८० दिवसांनंतरही सापडले नाहीत. मुलांना सहसा एकच औषध मिळतं, तेव्हा एका कोर्सने घाबरायचं कारण नाही. एकामागून एक कोर्स होत राहिले तर मात्र डॉक्टरांबरोबर बसून कारण शोधायला हवं. या काळात तंतुमय जेवण चालू ठेवा, अंगणात-मातीत खेळू द्या, आणि 'पोट साफ करणारी' कुठलीही औषधं देऊ नका.

उरलेलं औषध पुढच्या तापासाठी ठेवायचं नाही. कालवलेलं तर टिकतच नाही. ओतून न टाकता औषध परत घेण्याची सोय असेल तिथे द्या.

आणि वहीत नोंद करा. एवढी पुरते: 'वजन १२ किलो. कानाचा संसर्ग. अमॉक्सिसिलिन, ५ मिलीत २५० मिग्रॅची बाटली, ५.४ मिली दोनदा, ७ दिवस. तिसऱ्या दिवसापासून चार पातळ शी, सहाव्या दिवशी थांबल्या. पुरळ नाही.'